‘नवी बॅटरी आली की जवानाचं ओझं जाईल’ हे खरं नाही

बॅटऱ्या सुधारल्या की सैनिकाच्या पाठीवरचा भार आपोआप उतरेल, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. साधं गणित मांडून पाहू.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००४ च्या अभ्यासात ७२ तासांची मोहीम आणि सैनिकाजवळच्या उपकरणांचा सरासरी २० वॉटचा वापर गृहीत धरला होता. म्हणजे १,४४० वॉट-तास. एक किलो लिथियम-आयन पॅकमध्ये साधारण १६० वॉट-तास धरले, तर नुसत्या बॅटऱ्याच ९ किलो होतात! दारूगोळा, पाणी, शिधा वेगळाच.

१९९१ मध्ये बाजारात आल्यापासून लिथियम-आयन सेलची क्षमता वाढली ती जेमतेम तिप्पट-चौपट, तीही तीस वर्षांत. शिवाय वाढलेली क्षमता नवी उपकरणंच खाऊन टाकतात: जीपीएस, रात्रदर्शक दुर्बीण, पडदा, संगणक.

खरी बचत वापरात आहे. रेडिओ बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ नुसता कान देऊन बसलेला असतो, म्हणून त्या काळातला प्रत्येक मिलिवॉट मोजावा लागतो. चिपमधली स्विचिंगची वीज, म्हणजे आतले सूक्ष्म स्विच चालू-बंद होताना लागणारी, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. व्होल्टेज ३० टक्के उतरवलं तर त्याच वेगाला ती जवळपास निम्मी होते. वेग थोडा कमी करून चालत असेल तर आणखी कमी. काम नसलेले भाग झोपवणं, पडदा गरजेपुरताच उजळणं, हे सॉफ्टवेअरचं काम आहे आणि ते आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून व्हायला हवं. सरासरी वापर २० वरून १० वॉटवर आला, तर आजच्याच बॅटरीवर पाठीवरचे साडेचार किलो कमी होतात.