म्युनिसिपल समाजवाद

म्युनिसिपल समाजवाद : पाणी, गॅस, वीज, ट्राम, कामगारवस्ती यांसारख्या नागरी सेवा खासगी कंपन्यांकडे न ठेवता नगरपालिकेने स्वतःच्या मालकीने चालवाव्यात, ही विचारसरणी आणि तदनुसार झालेला कारभार. नगरपालिकीय किंवा नागरी समाजवाद असेही म्हणतात. उद्योगांचे सरसकट राष्ट्रीयीकरण येथे अभिप्रेत नाही. मालकी शहराची, भांडवल कर्जाऊ आणि ग्राहकाकडून दर घेऊन धंदा चालवायचा, असा हा मर्यादित प्रकार आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये तो साधारणपणे १८७० ते १९१४ या काळात भरास आला.

उगम : प्रारंभाचा मान बहुतेक ग्रंथ बर्मिंगहॅमला आणि तेथील महापौर जोसेफ चेंबरलेन (कारकीर्द १८७३–७६) यांना देतात. प्रत्यक्षात मँचेस्टरमध्ये १८१७ पासूनच गॅसचा कारखाना सार्वजनिक मालकीचा होता. कट्रिन सरोवराचे पाणी ग्लासगो शहराने १८५९ मध्ये आणले आणि १८६९ मध्ये तेथील गॅसही ताब्यात घेतला. त्याच वर्षी लिव्हरपूलने नगरपालिकेची पहिली कामगार घरे बांधली. तेव्हा प्रथा जुनी आणि बर्मिंगहॅमने तिला तत्त्वाचे रूप दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १८७५ मध्ये चेंबरलेन यांनी दोन गॅस कंपन्या सुमारे २० लाख पौंडांना विकत घेण्याचा कायदा संमत करून घेतला. पाठोपाठ पाणी कंपनी सुमारे साडेतेरा लाख पौंडांना घेतली. गॅसवर नफा काढून तो शहराच्या कामी लावावा; पाणी ही आरोग्याची बाब असल्याने त्यावर नफा घेऊ नये, हा त्यांनी केलेला भेद पुढील सर्व चर्चेचा पाया ठरला.

चेंबरलेन स्वतः स्क्रूचे कारखानदार आणि उदारमतवादी पक्षाचे होते. तरी १८८५ मध्ये वॉरिंग्टन येथील भाषणात त्यांनी गरिबांचा कायदा, शिक्षणाचा कायदा आणि नगरपालिकेचे बहुतेक काम म्हणजे समाजवादच होय, असे उघड म्हटले. ‘समाजवाद’ हे नाव मुख्यतः फेबियन मंडळींनी (क्रमाक्रमाने समाजवाद आणू पाहणारी ब्रिटिश सोसायटी, स्थापना १८८४) आणि विरोधकांनी, आपापल्या हेतूने चिकटवले. नगरपालिकेच्या फरसबंदीवरून चालत, नगरपालिकेच्या दिव्याखाली समाजवादाला नावे ठेवणारा नगरसेवक फेबियन लेखक सिडनी वेब यांनी १८९० मध्ये रंगवला. ‘गॅस आणि पाण्याचा समाजवाद’ हा शब्दप्रयोग गौरवार्थी आणि हेटाळणीदाखल असा दोन्ही प्रकारे आढळतो. अमेरिकेतील मिलवॉकीच्या समाजवादी महापौरांना मिळालेले ‘गटार समाजवादी’ हे नाव समाजवादी नेते मॉरिस हिलक्विट यांच्या १९३२ च्या शेऱ्यातून आले असे सामान्यतः मानतात. त्या शहराचे ड्रेनेज वाखाणले गेले. वीज आणि ट्राम मात्र महापौर डॅनियल होन यांच्या दीर्घ कारकिर्दीतही (१९१६–४०) खासगी कंपनीकडेच राहिली.

ताब्यात घेण्याची रीत : अशा खरेदीसाठी सहसा पार्लमेंटची मंजुरी लागे. बोलणी फिसकटली तर किंमत लवाद ठरवी. ट्रामच्या बाबतीत १८७० च्या कायद्याने २१ वर्षांनंतर नगरपालिकेला सक्तीच्या खरेदीचा हक्क दिला आणि किंमत म्हणून ‘त्या वेळचे मूल्य’ असे शब्द लिहिले. त्यांवरून बराच कज्जा झाला. कंपन्यांचे म्हणणे, हे मूल्य मिळकतीवरून काढावे. नगरपालिकांचे म्हणणे, आज रूळ टाकायला जो खर्च येईल त्यातून घसारा (वापराने झालेल्या झिजेची किंमत) वजा करावा; गतकाळच्या किंवा पुढच्या नफ्याचा विचार कायद्यानेच वर्ज्य केला आहे. १८९४ मध्ये एडिंबरो आणि लंडनच्या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) दुसरा अर्थ उचलून धरला, आणि खरेदी एकदम स्वस्त झाली.

या कलमाचा एक दुष्परिणाम होता. मुदत संपत आली की कंपनी नवे रूळ घालीनाशी होई आणि घोडे काढून विजेवर जाण्याचा खर्च टाळी, कारण गुंतवलेला पैसा वसूल होण्याची खात्री नसे. ब्रिटनमध्ये ट्रामचे विद्युतीकरण रखडले त्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. विजेसाठी १८८२ च्या कायद्याने हीच २१ वर्षांची मुदत ठेवली, तेव्हा भांडवल पुढे येईना. म्हणून १८८८ मध्ये ती ४२ वर्षे करावी लागली.

हिशेबाचा वाद : खरा झगडा तत्त्वापेक्षा वहीखात्यावर झाला. १९०० आणि १९०३ मध्ये पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे नगरपालिकांच्या व्यापाराची तपासणी झाली, तीतही मुद्दा घसाऱ्याचाच होता. समजा, ट्रामसाठी १,००,००० पौंडांचे कर्ज ३ टक्के व्याजाने ३० वर्षांसाठी काढले. व्याज दरसाल ३,००० पौंड. मुद्दल फेडण्यासाठी दरसाल सुमारे २,१०२ पौंड कर्जनिवारण निधीत टाकले आणि तो निधी ३ टक्क्यांनीच वाढला, तर ३० व्या वर्षी कर्ज फिटते. पण रूळ आणि डबे २० वर्षांत झिजले, तर तोपर्यंत निधीत साचतात सुमारे ५६,५०० पौंड, आणि तेही जुन्या कर्जासाठी बांधलेले. नव्या रुळांना पुन्हा कर्ज काढावे लागते. म्हणजे दहा वर्षे मोडीत निघालेल्या मालाचे आणि नव्या मालाचे, अशी दुहेरी फेड. ‘कर्जनिवारण निधी आहे, मग वेगळा घसारा कशाला?’ हा नगरपालिकांचा ठरलेला जबाब म्हणूनच तोकडा पडतो. घसारा न काढता दाखवलेली शिल्लक घरपट्टी कमी करण्याकडे वळवली की खाते वरून नफ्यात आणि आतून पोकळ राहते. विरोधकांच्या लिखाणात अतिशयोक्ती पुष्कळ असली तरी या एका मुद्द्यावर ते बरोबर होते.

नफा कोणाचा, हा दुसरा प्रश्न. मँचेस्टरमध्ये गॅसच्या शिलकीतून रस्ते सुधारले गेले, तेव्हा गॅसग्राहकांची तक्रार होती की घरमालकांच्या मिळकतीची किंमत आम्ही का वाढवून द्यावी? दर उतरवले तर ग्राहकाचा लाभ, घरपट्टी उतरवली तर मिळकतदाराचा. नगरपालिकेची मालकी म्हटल्याने हा वाद मिटत नाही.

समर्थकांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद नैसर्गिक मक्तेदारीचा होता. एकाच रस्त्याखाली दोन कंपन्यांचे नळ घालणे म्हणजे रस्ता दोनदा खणणे आणि खर्च दुप्पट. स्पर्धा नाहीच, तर मक्तेदारी निदान मतदाराला जाब देणारी असावी. याची मर्यादा विजेत दिसली. शहराच्या हद्दीपुरती लहान वीजघरे, प्रत्येकाच्या विजेचा दाब (व्होल्टेज) निराळा, अशी स्थिती लंडनमध्ये दीर्घकाळ होती. अखेर १९४८ मध्ये वीज आणि १९४९ मध्ये गॅस राष्ट्रीय मंडळांकडे गेला. म्हणजे ब्रिटनमध्ये वीज आणि गॅसपुरता या प्रथेचा शेवट मजूर पक्षाच्या समाजवादी सरकारनेच केला.

अन्यत्र : व्हिएन्नात १८९९ मध्ये शहराचा गॅस कारखाना उभारणारे महापौर कार्ल ल्युगर समाजवादी नव्हते, कट्टर ज्यूद्वेष्टे ख्रिस्ती पुढारी होते. पुढे समाजवादी प्रशासनाने (१९१९–३४) १९२३ च्या गृहनिर्माण कराच्या आधारे ६०,००० हून अधिक सदनिका बांधल्या. अलीकडे पॅरिसने २०१० मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडून परत घेतला.

मुंबई : विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले ते सार्वजनिक खर्चाने. ट्राम मात्र १८७४ पासून कंपनीची होती. १९०१ मध्ये ती घेण्याचा हक्क नगरपालिकेला मिळत होता. पण कायदेशीर अडचणी आल्या आणि १९०५ मध्ये वीज आणि ट्राम या दोहोंचा मक्ता एका नव्या कंपनीकडे गेला. विजेवरची ट्राम १९०७ मध्ये आणि बस १९२६ मध्ये सुरू झाली. १९०५ नंतर ४२ वर्षांनी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, हा सारा कारभार महापालिकेकडे आला; तोच ‘बेस्ट’ उपक्रम. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली.

बेस्टने दीर्घकाळ विजेच्या शिलकीतून बसची तूट भरली. २००३ च्या वीज कायद्यानंतर दर नियामक आयोगापुढे सिद्ध करावे लागू लागले आणि कुलाब्याच्या वीजग्राहकाने धारावीच्या प्रवाशाचे तिकीट का भरावे, हा मँचेस्टरचाच प्रश्न मराठीत उभा राहिला. दोघे बहुधा एकाच शहराचे करदाते असतात, हे उत्तर दर ठरवणाऱ्याला पुरत नाही. अलीकडच्या भाडेतत्त्वावरील बसगाड्यांत गाडी, चालक आणि दुरुस्ती कंत्राटदाराची असते व त्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात. मार्ग, भाडे आणि तिकिटाचा गल्ला उपक्रमाकडे राहतो, आणि गाडी रिकामी धावली तरी तोटा उपक्रमाच्याच खाती पडतो.