सेरेंगेटी आणि झांझिबार एकाच प्रवासात: निघण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

उत्तर टांझानियातली सफारी आणि झांझिबारचा किनारा असा जोडप्रवास ठरवताना पहिला प्रश्न असतो, आधी काय? आमचं उत्तर ठरलेलं आहे: आधी जंगल, मग समुद्र. सफारीत पहाटे साडेपाचला उठायचं, दिवसभर खडखडत्या गाडीत बसायचं आणि संध्याकाळी नाकातोंडातली धूळ धुवायची. हे आधी उरकलं की पुढचे चार दिवस निवांत लोळता येतं. पण याहून पक्कं कारण स्कूबाचं आहे. डाइव्ह केल्यावर अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जाईपर्यंत उंचावर जायचं नसतं. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसेपर्यंत किमान १८ तास जाऊ द्यावेत, आम्ही २४ धरतो. सफारीतल्या न्गोरोंगोरो विवराचा कडा सुमारे २,३०० मीटरवर आहे. समुद्र आधी ठेवला तर विमान आणि कडा, दोन्ही डाइव्हच्या मागोमाग येतात.

दिवस कसे लावायचे

दहा रात्री हव्यात. आठमध्ये बसवून देणारे भेटतील, पण त्यात दोन दिवस नुसते रस्त्यावर जातात. तिकीट काढताना मुंबई ते किलिमांजारो आणि परतीला झांझिबार ते मुंबई असं काढा. जिथे उतरलो तिथूनच परतायचं म्हटलं तर एक दिवस आणि देशांतर्गत विमानाचं एक भाडं फुकट जातं.

पहिली रात्र अरुशात. दुसऱ्या दिवशी तारांगिरे राष्ट्रीय उद्यान, मुक्काम कराटू गावी. तिसऱ्या दिवशी न्गोरोंगोरोच्या विवरात उतरून पुन्हा कराटू. चौथ्या दिवशी सेरेंगेटी, तिथे तीन रात्री. सातव्या दिवशी सेरेंगेटीच्या मध्यावरच्या सेरोनेराच्या मातीच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने झांझिबार. एक रात्र स्टोन टाउनमध्ये, तीन किनाऱ्यावर.

सेरोनेराहून विमान महाग पडतं म्हणून बरेच जण गाडीने अरुशाला परततात. अंतर सुमारे ३३५ किलोमीटर. आकडा मुंबई-सातारा-कोल्हापूरसारखा वाटतो, पण निम्म्याहून जास्त रस्ता कच्चा आणि पत्र्यासारखा लाटालाटांचा आहे. सात-आठ तास लागतात. पाठीचं दुखणं असेल तर हा पर्याय घेऊच नका. गाडीनेच परतायचं असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: सेरेंगेटीचं प्रवेशपत्र २४ तासांच्या हिशोबाने चालतं, म्हणजे नाबी हिलच्या फाटकावर आत जाताना जी वेळ पडली ती बाहेर पडतानाही पाळायची. उशीर झाला की आणखी एका दिवसाचं शुल्क, प्रौढामागे ७० डॉलर आणि त्यावर १८ टक्के व्हॅट. शेवटच्या दिवशी ड्रायव्हर घाई का करतो, ते यावरून कळेल.

अरुशाला दोन विमानतळ लागतात. भारतातून येणारं विमान किलिमांजारो विमानतळावर उतरतं. झांझिबारची छोटी विमानं मात्र बहुधा शहरालगतच्या अरुशा विमानतळावरून सुटतात. दोन्हींत पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर आहे. तिकिटावरचं नाव नीट वाचा.

केव्हा जायचं

शाळेची उन्हाळी सुट्टी म्हणजे एप्रिल-मे. या सहलीसाठी नेमके तेच दोन महिने वाईट. तेव्हा तिथला मोठा पावसाळा असतो, त्याला मसिका म्हणतात. सेरेंगेटीच्या कित्येक भागांत आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी माती आहे. ती ओली झाली की फोर-बाय-फोरसुद्धा आसापर्यंत रुतते. झांझिबारची बरीच हॉटेलं या काळात दुरुस्तीसाठी बंद असतात. स्वस्त पॅकेज दिसलं तर आधी तारखा बघा.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, शाळा सुरू होण्याआधी जमत असेल तर ते चांगलं. पाऊस थांबलेला असतो, गवत हिरवं असतं आणि गर्दी अजून झालेली नसते. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरअखेर आली तर उत्तम, नोव्हेंबरात सरकली तर छोट्या पावसाच्या सरी, म्हणजे वुली, धरून चला. त्या दिवसभर चालत नाहीत, त्यामुळे सहल बुडत नाही. शाळेची अट नसेल, तर आमची पसंती जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. तेव्हा विल्डबीस्टचे कळप दक्षिणेला न्दुतूच्या गवताळ सपाटीवर वितात आणि पिल्लांमागे सिंह, चित्ते, तरस येतात. त्याच सुमारास झांझिबारला ईशान्येचा कास्काझी वारा असतो आणि ऊन कडक.

मारा नदी ओलांडणारे कळप बघायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबरमध्ये उत्तरेला कोगातेंदेला मुक्काम हवा. तो सेरोनेराहून गाडीने आणखी चार-पाच तासांवर आहे. तिथे जाऊनही कळप त्या दिवशी नदीत उतरतीलच, अशी हमी आम्ही देत नाही. कधी हजारो जनावरं काठावर तीन तास उभी राहतात आणि मागे फिरतात.

सामान

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. भारतातून येताना २३ किलोची बॅग चालते, पण सफारीच्या छोट्या विमानात माणशी १५ किलो, बहुतेक वेळा हातातल्या बॅगेसकट, आणि तीही मऊ. या मार्गावर बहुतेक सेसना कॅरव्हॅन उडतात. त्यांचं सामान पोटाखालच्या उथळ कप्प्यात कोंबावं लागतं आणि चाकांची टणक सूटकेस तिथे शिरत नाही. धावपट्टीवर ती मागे ठेवायची वेळ आली तर तिथे ना खोली असते ना शेड. कापडी डफल बॅग आणा. जास्त सामान लागणारच असेल तर आधी सांगा, सामानासाठी वेगळी सीट विकत घेता येते.

कपडे खाकी, मातकट किंवा फिके हिरवे. गडद निळा आणि काळा नको, कारण या रंगांकडे त्सेत्से माशी येते. ती तारांगिरेत बरीच आहे, पातळ कपड्यातूनही चावते आणि डासांच्या मलमाला फारशी जुमानत नाही. जून ते ऑगस्ट न्गोरोंगोरोच्या कड्यावर पहाटे महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखी थंडी असते, त्यामुळे स्वेटर आणि कानटोपी लागतेच. ‘आफ्रिकेत कसली थंडी’ म्हणून ती घरी ठेवून येणारे दरवेळी दोन-तीन तरी असतात.

सॉकेट तीन चौकोनी पिनांचं, ब्रिटिश पद्धतीचं असतं. आपले गोल पिनांचे प्लग बसत नाहीत, अडॅप्टर घ्या. मोठी लेन्स असेल तर शिवलेली रिकामी कापडी पिशवी आणा आणि अरुशात दोन किलो तांदूळ घेऊन भरा. गाडीच्या छताच्या कडेवर तिच्याइतका स्थिर टेकू दुसरा नाही. परत येताना तांदूळ कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या. ड्रोन आणू नका.

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगला टांझानियात १ जून २०१९ पासून बंदी आहे, झांझिबारमध्ये त्याही आधीपासून. झिप लावलेली पारदर्शक पाकिटं चालतात. चिवडा-लाडू डब्यात किंवा अशा पाकिटात भरा. दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेलं असेल तर पिशवी विमानतळावरच काढून घेतात.

व्हिसा, लस, विमा

ई-व्हिसा ५० डॉलरचा असून मुख्य भूमी आणि झांझिबार दोन्हींना चालतो. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत, ती वर पैसे उकळतात. अर्ज आमच्याकडून भरून घ्या किंवा पत्ता आमच्याकडून घ्या. मुख्य भूमीवरून झांझिबारला उतरतानाही पासपोर्ट बघतात, तो डफलच्या तळाशी ठेवू नका.

झांझिबारसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या सरकारी विमा कंपनीचा विमा सक्तीचा आहे, प्रौढाला ४४ डॉलर. तुमच्याकडे भारतातून काढलेला प्रवास विमा असला तरी हा वेगळा काढावाच लागतो. गंमत म्हणजे स्वाहिलीत विम्याला ‘बिमा’च म्हणतात.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि निघण्याच्या किमान १० दिवस आधी. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे येणार असाल तर ती टाळू नका. केनिया आणि इथिओपिया भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत आणि प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. वय ६० च्या वर असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, लस न घेण्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र मिळू शकतं. मलेरियाच्या गोळ्याही डॉक्टरांनाच विचारून घ्या. त्या प्रवासाआधी सुरू होतात आणि परतल्यावरही घ्याव्या लागतात, काही ७ दिवस, तर काही ४ आठवडे. घरी आलो म्हणून मध्येच बंद करणं ही नेहमीची चूक.

गाडीत आणि कॅम्पवर

आमच्या गाड्या लांब केलेल्या लँड क्रूझर आहेत, छत वर उचलणाऱ्या. एका गाडीत सहाच जण, प्रत्येकाला खिडकी. विवरात उतरण्याचं शुल्क दर खेपेला गाडीमागे २५० डॉलर अधिक व्हॅट आहे, आत दोघं असोत की सहा. म्हणून दोघांची सहल चौघांच्या सहलीपेक्षा माणशी बरीच महाग पडते.

विवराचा तळ सुमारे २६० चौरस किलोमीटरचा, कडेपासून ६०० मीटर खोल. गेंडा बघण्याची सर्वांत चांगली संधी इथेच. जिराफ मात्र इथे नाही, तो तारांगिरेतच बघून घ्या. उभा उतार त्याला जमत नाही आणि त्याला लागणारी बाभळीची झाडीही तळावर फारशी नाही. तारांगिरेत जून ते ऑक्टोबर नदीकाठी हत्तींचे मोठे कळप असतात आणि गोरखचिंचेची प्रचंड झाडं. त्यांची सालं हत्तींनी ओरबाडलेली दिसतील.

विवरातल्या पाणघोड्यांच्या तळ्याशी जेवणासाठी उतरायला परवानगी आहे. पण डबा गाडीतच बसून खा. वर घारी घिरट्या घालत असतात. सँडविच तोंडाशी नेता नेता झडप येते, घास जातो आणि बोटावर ओरखडा राहतो.

सेरेंगेटीतल्या तंबूंच्या कॅम्पला कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने निघायचं नाही. टॉर्चचा इशारा केला की राखणदार, म्हणजे अस्कारी, न्यायला येतो. खाण्याचे पदार्थ तंबूत ठेवू नका, माकडांना आणि बेबूनना चेन उघडता येते.

वेळ ठरवताना एक सांभाळा. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे ‘सा टाटू’, म्हणजे तिसरा तास, म्हणजे सकाळचे नऊ. गाइड इंग्रजीत बोलताना नेहमीची वेळ सांगतात, पण टॅक्सीवाल्याशी बोलताना घड्याळ दाखवून खात्री करा.

शाकाहारी असाल तर

सफारीच्या डब्यात नेहमी कोंबडीची तंगडी आणि उकडलेलं अंडं असतं. नुसतं ‘व्हेज’ सांगितलं तर कधी मासा येतो. ‘बिला न्यामा, बिला समाकी, बिला मायाई’, म्हणजे मांस, मासा, अंडं यांशिवाय, असं तीनही शब्दांत सांगा. वाली ना महारागे, म्हणजे भात आणि राजम्यासारख्या घेवड्याचा रस्सा, सगळीकडे मिळतो. म्चिचा ही तर आपली माठाची भाजी. चपाती, काचुंबरी ही नावं ऐकून बरं वाटेल. जैन जेवण झांझिबारच्या मोठ्या हॉटेलात आधी कळवून मिळतं, सेरेंगेटीत त्याची खात्री देत नाही.

कुठला किनारा

इथे फोटो बघून निवड करू नका, भरती-ओहोटी बघून करा. पूर्व किनाऱ्यावर, पाजे, ब्वेजू, जांबियानीला, उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरपर्यंत चढतं-उतरतं आणि तळ अगदी सपाट आहे. ओहोटीला समुद्र एक किलोमीटरपर्यंत मागे जातो. उरते ओली वाळू, डबकी आणि समुद्रशेवाळाच्या दोऱ्या बांधणाऱ्या बायका. बघायला सुंदर, पण पोहायला पाणी नाही. हॉटेलने फसवलं, अशी तक्रार इथूनच येते.

कोकणातल्या मंडळींना तिथीची पाऊणपट ठाऊक असेल, म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की तिथल्या भरतीची वेळ. त्यात ढोबळमानाने चार तास मिळवले की झांझिबारची भरती मिळते. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी चारच्या सुमाराला येते, म्हणजे सकाळी दहा-अकराला, ऐन पोहायच्या वेळी, पूर्ण ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते. तेव्हा भरती सकाळी दहाच्या सुमाराला येते आणि पाणी फार मागे जात नाही. पूर्व किनारा हवा असेल तर कालनिर्णय काढून तारखा अष्टमीच्या बाजूने धरा. नेमकी वेळ हॉटेलातल्या तक्त्यावरून घ्या.

उत्तरेला नुंग्वी आणि केंड्वाला तळ लवकर खोल होतो, तिथे जवळपास दिवसभर पोहता येतं. लहान मुलं बरोबर असतील तर आम्ही हेच सुचवतो. गर्दी आणि रात्रीचं संगीत मात्र जास्त. पाजे पतंगाच्या सर्फिंगवाल्यांचं गाव आहे. शांतता हवी तर जांबियानी. कुठेही ओहोटीत चालताना रबरी तळाचे बूट घाला, खडकात काटेरी सी अर्चिन असतात आणि त्यांचा काटा आतच मोडतो.

किझिमकाझीची डॉल्फिन सहल आमच्या कार्यक्रमात नाही. दहा-बारा होड्या एका कळपाच्या मागे लागतात आणि माणसं त्यांच्यावर उड्या मारतात. त्याऐवजी जोझानीच्या जंगलात लाल कोलोबस माकडं बघा, ती झांझिबारखेरीज कुठेच नाहीत.

स्टोन टाउनमध्ये खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, ही वस्ती बहुतांशी मुस्लिम आहे. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खाऊ-पिऊ नका. ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा जन्म १९४६ मध्ये इथलाच. शाळा मात्र पाचगणीची.

शंख, पोवळं, कासवाच्या पाठीच्या वस्तू किनाऱ्यावर राजरोस विकायला असतात. त्या घेऊ नका. देशाबाहेर न्यायला परवाना लागतो आणि तो तुमच्याकडे नसणार. विमानतळावर त्या जप्त होतात, दंडही होऊ शकतो.