गाडी तीच, जॅक कुणाचा?

जुनी गाडी हातोहात फिरते तेव्हा तिचा जॅक बहुधा सगळ्यांत आधी हरवतो. कारण साधं आहे. शेजारी इंजिन मागायला येत नाही, जॅक मागायला येतो. तो परत येतच नाही, किंवा येतो तो दुसराच. त्यामुळे नाशिकच्या एखाद्या वाड्याच्या पडवीत वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली गाडी बाहेर निघाली आणि डिकीत जॅक सापडला, तरी तो तिचाच असेल असं धरून चालू नये. तिचा कोणता हे ठरवायला जॅक निरखून फारसं हाती लागत नाही. आधी गाडीखाली वाकून बघावं लागतं.

सुरुवातीच्या मोटारींना सुटं चाकच नव्हतं. टायर बसला की तो चाकावरून तिथल्या तिथे उतरवायचा आणि ट्यूबला ठिगळ लावायचं. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी बिनआऱ्यांची जादा रिम काढली. ती पंक्चर चाकालाच बाजूने आवळून बसवायची. त्या रस्त्याचं नाव आपण अजून घेतो. गंमत अशी, की आज जॅक लावल्याशिवाय जी बदलता येत नाही ती स्टेपनी मुळात चाक न काढता भागवायला जन्मली होती. पुढे अख्खं चाक काढून दुसरं लावायची सोय आली आणि जॅकला हत्यारांच्या पेटीत कायमची जागा मिळाली.

त्या काळच्या गाड्यांना, उदाहरणार्थ १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल टीला, पुढे आणि मागे सरळ आडवा अॅक्सल असे. गाडी जमिनीपासून उंच. अॅक्सलखाली बुटका, आट्यांचा जॅक सरकवला की काम झालं. ओळखायला हीच पिढी सर्वांत अवघड, कारण जवळजवळ कोणताही जॅक कोणत्याही गाडीखाली बसतो. इथे ओतीव लोखंडावरचं कारखान्याचं नाव (बर्मिंगहॅमचा ‘किंग डिक’ त्यांतला एक प्रसिद्ध), मिटवलेल्या जॅकची उंची आणि हँडलचं टोक एवढ्याच खुणा उरतात.

१९३४ साली हे चित्र बदललं. जनरल मोटर्सने पुढच्या दोन चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन दिलं, त्यामुळे पुढे जॅक टेकवायला सरळ अॅक्सलच राहिला नाही. याच कंपनीचा गाड्या जोडणारा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून चालू होता. आपल्याकडच्या जुन्या शेवरले गाड्यांचा माग बऱ्याचदा तिथपर्यंत जातो. पुढे अमेरिकनांनी बंपरच धरून गाडी उचलायचा मार्ग काढला. दातेरी उभा खांब, खाली पाया, वर बंपरला अडकवायचा आकडा. हा आकडा बंपरच्या घडणीप्रमाणे बदलत असे, म्हणून तो त्या गाडीच्या बंपरला चपखल बसतो का, हीच खरी परीक्षा. जरा तिरका बसला तरी जॅक दुसऱ्या गाडीचा समजावा, आणि त्यावर गाडी तर मुळीच उचलू नये.

इंग्रजांनी त्याच दशकात आणखी थाटाचा प्रकार काढला. स्मिथ्स कंपनीचा ‘जॅकॉल’ म्हणजे गाडीलाच कायमचे जोडलेले हायड्रॉलिक जॅक, पंप मारला की चाकं उचलली जात. एमजीच्या एसए, व्हीए या गाड्यांना तो होता. अशा गाडीचा ‘मूळ जॅक’ डिकीत शोधणारा दिवसभर शोधत बसेल.

मग बिनचासीच्या, म्हणजे बॉडी हाच सांगाडा असलेल्या गाड्या आल्या. मॉरिस मायनरला दोन्ही बाजूंना दाराखाली एकेक खोबण. त्यात जॅकचा दांडा घातला की ती अख्खी बाजू वर येते. फोक्सवॅगन बीटलला तिथे चौकोनी नळी असते. जर्मनीत बिलस्टाइन १९२८ पासून जॅक बनवत होती आणि बीटलच्या जॅकवर तिचं नाव सापडतं. खोबणीचा आकार आणि दांड्याचा आकार जुळतो की नाही, एवढं बघितलं तरी निम्मे भोंदू जॅक बाद होतात.

नाशिकमध्ये घोळ वाढतो तो जीपमुळे. देवळालीला तोफखान्याची छावणी, सातपूरला महिंद्राचा कारखाना; जीप इथे परकी कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धातली ती गाडी, पण पुढे-मागे सरळ अॅक्सल आणि मजबूत चासी, म्हणजे उचलायची पद्धत मॉडेल टीचीच. तिचा जॅक कशाखालीही चालेल असं वाटतं. फियाटच्या डिकीत जीपचा जॅक निघाला तर नवल करू नये.

त्यातच १९५३ नंतर सरकारी धोरणामुळे केवळ सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि आयात गाडीचं सामान मिळणं दुरापास्त झालं. मोडलेल्या जॅकच्या जागी देशी बॉटल जॅक आला. अँबेसिडरच्या मागच्या अॅक्सलखाली मेस्त्री आजही तोच लावतात आणि त्यात काही चूक नाही. असा जॅक मूळचा नव्हे, पण तोही गाडीच्याच आयुष्याचा भाग, असं मला वाटतं. तो भंगारात घालू नये. तसंही अंबड-सातपूर लिंक रोडवरचा जुना भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये आणि नंतरही हटवला, त्यामुळे दहा ढिगारे उपसून जोडीचा जॅक शोधायची मौज पूर्वीसारखी राहिलेली नाही.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. तो नियम चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नसावेत असं बघतो. जॅकची चौकशी प्रदर्शनातले परीक्षक करतात. त्यांच्यासाठी गाडीबरोबर आलेली मालकाची पुस्तिका आणि सुट्या भागांची यादी सर्वांत भरवशाची. यादीतला क्रमांक, पुस्तिकेतलं चित्र आणि डिकीतला तो कप्पा किंवा पट्टा, ज्यात जॅक खडखड न करता बसायला हवा.

जुळला तरी एक बघायचं राहतं. इगतपुरी-कसाऱ्याच्या पावसात वर्षं काढलेल्या गाडीची खोबण आतून गंजलेली असते. अस्सल जॅक अस्सल खोबणीत घालून हँडल फिरवलं, तर कधी कधी गाडी जागेवरच राहते आणि वर येतो तो फक्त पत्रा.