कोयनेचे दोन आकडे : अभियांत्रिकीत अनिश्चितता मोजण्याची पार्श्वभूमी

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. भूकंपाने कोयनानगरची घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि जवळपास १८० जीव गेले. कोयना धरणातल्या त्वरणमापकाने, म्हणजे धक्क्याचा जोर मोजणाऱ्या यंत्राने, हादऱ्याची नोंद केली: धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट. धरणाचा हिशेब करताना भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५.

हे आकडे थेट एकमेकांशेजारी मांडणे बरोबर नाही. गुणांक म्हणजे धरणाला सतत ढकलणारे कल्पित आडवे बळ, तर नोंद आहे क्षणभराच्या कमाल धक्क्याची. तरीही एवढी तफावत पाहिली की प्रश्न पडतोच: तो ०.०५ आला कुठून?

त्यामागे शंभराहून अधिक वर्षांची सवय होती. साहित्य किती ताणाला तुटते ते पाहायचे, त्याला एका आकड्याने भागायचे आणि तेवढाच ताण येऊ द्यायचा. हाच फॅक्टर ऑफ सेफ्टी. साहित्यातली खोट, कारागिरीतली कसर, भाराचा चुकलेला अंदाज, सगळे या एकाच आकड्याच्या पोटात. त्यातले कशासाठी किती राखले आहे, हे मात्र कोणालाच सांगता येत नसे. भार आणि ताकद या दोन्ही गोष्टी ठाम आकडे नसून कमीजास्त होणाऱ्या राशी आहेत, असे जर्मनीत माक्स मायर यांनी १९२६ मध्येच मांडले होते. त्याकडे फारसे कोणी वळले नाही. अमेरिकेत आल्फ्रेड फ्रॉइडेंथाल यांनी १९४०च्या दशकात बांधकामाच्या सुरक्षिततेचा विचार संभाव्यतेच्या भाषेत केला, तेव्हा कुठे या विषयाला जोर आला.

आपल्याकडे हा विचार साइटवर पोचला तो काँक्रीटच्या क्यूबमधून. काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, १९७८ च्या आयएस ४५६ मध्ये, लिमिट स्टेट पद्धत आली: एकाच आकड्याऐवजी भारासाठी आणि साहित्याच्या ताकदीसाठी वेगवेगळे गुणांक धरायचे. एम २० काँक्रीट म्हणजे १५० मिलिमीटरचे क्यूब २८ दिवसांनी फोडले, तर १०० पैकी फार तर ५ निकाल २० मेगापास्कलच्या (हे ताकदीचे एकक) खाली यावेत. ते साधायचे तर सरासरी २० ठेवून भागत नाही, कारण मग निम्मे क्यूब नापास होतील. निकालांचा विखुरपणा (प्रमाण विचलन) ४ धरला, तर त्याची १.६५ पट मिळवून मिक्स डिझाईन, म्हणजे काँक्रीटच्या मिश्रणाचे प्रमाण, २६.६ च्या सरासरीसाठी करावे लागते. साइटवर मोजमाप काटेकोर असेल तर विखुरपणा कमी आणि सिमेंटही कमी. निष्काळजीपणाची किंमत इथे आकड्यात दिसते, आणि मला या पद्धतीचे हेच सर्वांत मोलाचे वाटते.

पण कोयनेचा प्रश्न क्यूबसारखा नव्हता. क्यूबची अनिश्चितता आणखी शंभर क्यूब फोडून नेमकी मोजता येते. कोयनेत मुळात माहितीच तोकडी होती. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जात होते आणि देशाच्या भूकंप नकाशातही हा भाग फारशा धोक्याचा नव्हता. ज्या घटनेची शक्यताच धरलेली नाही, तिच्यासाठी गुणांक कितीही बारकाईने काढला तरी तो अपुराच पडणार. १९७० च्या सुधारित नकाशात कोयना परिसर जास्त धोक्याच्या चौथ्या पट्ट्यात गेला.

योगायोग असा की १९६८ मध्येच अमेरिकी अभियंते अॅलिन कॉर्नेल यांचा भूकंपाच्या धोक्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. एखाद्या जागी दरवर्षी अमुक तीव्रतेचा हादरा बसण्याची शक्यता किती, हे आसपासचे सगळे भूकंपस्रोत एकत्र धरून काढण्याची रीत त्यात होती. आज ५० वर्षांत १० टक्के शक्यतेचा, म्हणजे साधारण ४७५ वर्षांच्या पुनरावृत्ती काळाचा हादरा ही भाषा जगभर चालते, ती या मार्गाने आली.

१०३ मीटर उंचीचे कोयना धरण त्या पहाटे उभे राहिले. पायापासून सुमारे ६६ मीटरवर, जिथे मागच्या, म्हणजे जलाशयाच्या विरुद्ध बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे ते तडकले. पुढे त्याला मागून टेकू देऊन बळकटी दिली गेली. काँक्रीटच्या धरणात तडा कसा पसरतो याचे संगणकीय गणित पडताळायला संशोधक आजही कोयनेचे ते तडे आणि त्या यंत्राची नोंद समोर ठेवतात.