मोठी टूरिंग बाइक घेण्याआधी

सहाशे-साडेसहाशे सीसी किंवा त्याहून मोठी गाडी घ्यायचं मनात असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आम्ही गाड्या विकत नाही, दुरुस्त करतो. मोठ्या गाडीचं बिलही मोठं होतं, म्हणजे तुम्ही ती घेतलीत तर आमचं भलंच आहे. तरीही पुढचं वाचून मग बुकिंगचे पैसे भरा.

रस्ते कुठले?

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवरही बंदी. शंभर घोड्यांचं इंजिन जिथे मोकळं धावेल, नेमके तेच रस्ते आपल्याला नाहीत. उरतात ते जुना मुंबई–पुणे रस्ता, सातारा–कोल्हापूरचा हायवे, कोकणातला ६६ नंबर आणि घाट. चौपदरी महामार्गावरही दुचाकीची वेगमर्यादा ताशी ८० किमी आहे, आणि त्या वेगाला ३५० ते ४५० सीसीची गाडी निवांत चालते.

मग मोठं इंजिन कशाला? मागे माणूस आणि सामान असताना खंबाटकी चढताना गिअर न पाडता ट्रक मागे टाकता येतो, हा एक फायदा. दिवसाला चारशे-पाचशे किमी चालवताना इंजिन कमी फेऱ्यांवर राहतं, हाताला मुंग्या कमी येतात, हा दुसरा. वर्षातून अशा चार-पाच सहली होत असतील तर मोठी गाडी जरूर घ्या. रविवारी सकाळी लोणावळ्याला मिसळ खाऊन परत यायचं असेल, तर हत्ती दारात बांधण्यात अर्थ नाही.

वजन हाच खरा प्रश्न

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो, ताकद ४० पीएस (म्हणजे साधारण तितकेच घोडे). त्याच कंपनीच्या सुपर मिटिऑर ६५० चं २४१ किलो आणि ४७ पीएस. सात पीएससाठी ४५ किलो जास्त, म्हणजे जवळजवळ सिमेंटची एक गोणी. चालत्या गाडीत ते जाणवत नाही. सोसायटीच्या उतारावरून इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकलताना पुरेपूर जाणवतं. होंडाने गोल्ड विंगला रिव्हर्सची सोय उगाच दिलेली नाही.

सीटची उंचीही बघा. सुपर मिटिऑरची ७४० मिमी, तर कावासाकी व्हर्सिस ६५० ची ८४५ मिमी. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर चवडे टेकले म्हणून खूश होऊ नका. रोजचे बूट घालून जा, मागे कुणाला तरी बसवा आणि मग पाय टेकतात का पाहा. गाडी उभ्या जागी पडते ती बहुतेक वेळा वेगामुळे नव्हे, तर खड्ड्यावर पाय न पोचल्यामुळे.

पडली तर उचलायची कशी, हे घेण्याआधी शिका. किल्ली बंद करा. गिअरचा खटका हाताशी येत असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाका, म्हणजे चाक फिरणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलल्यावर ती पलीकडे कोसळते. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करा, कंबर सीटच्या कडेला लावा, एका हाताने खालची हँडलग्रिप आणि दुसऱ्याने मागचा ग्रॅबरेल किंवा चासी धरा. पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांच्या जोरावर उठा. कमरेतून वाकून उचललीत तर गाडी उभी राहील, तुम्ही आडवे व्हाल.

आता वजनाची बेरीज. कमाल भारवजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की किती ओझं चालेल ते कळतं. दोन्ही आकडे मॅन्युअलमध्ये असतात. चालवणारा ८०, मागचा ६५, दोघांची जॅकेटं-हेल्मेटं १२, रिकाम्या पॅनियर (बाजूच्या पेट्या), टॉपबॉक्स (मागची पेटी) आणि रॅक मिळून १५, सामान २०, क्रॅशगार्ड ५. झाले १९७ किलो. बऱ्याच गाड्यांची मर्यादा याच्याच आसपास संपते. ओझं वाढलं आणि मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) तसाच राहिला, तर मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं आणि घाटातल्या वळणाला गाडी बाहेर जाऊ लागते.

टेस्ट राइड भर दुपारी, गर्दीच्या सिग्नलवर घ्या. पंखा सुरू झाल्यावर गरम हवा मांडीवर कशी येते, ते मोकळ्या रस्त्यावर कळत नाही.

खर्च

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. २०२२ च्या दरपत्रकानुसार १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये, त्याहून मोठ्या गाडीला १५,११७. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात. फेअरिंगवाल्या (पुढे-बाजूला प्लास्टिकचं आवरण असलेल्या) गाडीला म्हणूनच झिरो डेप, म्हणजे ही कपात न करणारा विमा घ्या.

मागचा मऊ रबराचा टायर ८ ते १२ हजार किमीला जातो. चेन-स्प्रॉकेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) २० ते २५ हजार किमीला, तेही दर ५०० किमीला चेन पुसून तेल दिलंत तर.

पंक्चरचं कुणी आधी विचारत नाही. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर चाक खोलावंच लागतं, आणि ढाब्याशेजारच्या पंक्चरवाल्याकडे मोठ्या एक्सलचा पाना सहसा नसतो. सेंटर स्टँड नसेल तर अडीचशे किलोंची गाडी टेकवायची कशावर? एक्सलचा पाना सीटखाली ठेवा. ट्यूबलेस असेल तर दोरीचा किट आणि हवेचा छोटा पंप पुरतो.

जुनी घेत असाल तर

टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेलेत. हँडल जिथे अडतं त्या चासीवरच्या स्टॉपरचा रंग तडकलेला किंवा कोपरा चेपलेला असेल, तर गाडी जोरात आपटलेली आहे, मालक काहीही म्हणो. मागच्या स्प्रॉकेटवर चेन बोटाने मागे ओढा. अर्धा दात दिसला तर सेट संपला.

कागदांत फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास ३५ आणि बँकेची एनओसी. चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवा.

गाडी पाहायला आम्हाला न्यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, आणि विकणाऱ्याला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. थंड इंजिनाचा पहिला आवाज आम्हाला ऐकायचा असतो.