धुरा (शेताचा बांध) चकाचक केला म्हणजे कीड गेली का?
धुऱ्यावर तणनाशक मारलं की पऱ्हाटीवर (कपाशीवर) कीड येत नाही असं गावोगाव सांगतात, पण हे अर्धवटच खरं. क्रायसोपा या मित्रकिड्याची अळी पिकाचा रस शोषणारा मावा खाते, पण मोठा झालेला क्रायसोपा फुलातल्या मधावर अन् परागावर जगतो, मग धुऱ्यावर फुलच नसलं तर तो थांबेल कशाला? कडेनं चवळी लावा, तिच्यावरचा काळा मावा पाहून घाबरू नका, तो वेगळ्या जातीचा, त्याच्यावर मावा खाणारे ढालकिडे वाढतात अन् मग पऱ्हाटीत उतरतात. हां, गाजरगवत उपटाच, त्यावर पिठ्या ढेकूण ही पिकाचा रस शोषणारी कीड राहते. अन् गुलाबी बोंडअळी गवतात नाही, धुऱ्यावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांच्या सुकल्या बोंडांत लपते, त्या मात्र कोणी उचलत नाही!