उधारी बंद! : फिलाडेल्फियातल्या चिनी संग्रहालयामागची गोष्ट

फिलाडेल्फियाच्या नाइन्थ स्ट्रीटवर २२ डिसेंबर १८३८ला एक दालन लोकांसाठी उघडलं. सुमारे १६० फूट लांब. दारावर चिनी अक्षरांत पाटी होती, ‘दहा हजार चिनी वस्तू’. हा आकडा मोजून घ्यायचा नाही. आपण ‘सतराशे साठ’ म्हणतो, तसे चिनी लोक ‘दहा हजार’ म्हणतात.

हा पसारा जमवला नेथन डन नावाच्या व्यापाऱ्याने. तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. धंद्यात त्याचं दिवाळं निघालं. क्वेकरांमध्ये कर्ज बुडवणं म्हणजे पाप; मंडळीने त्याला बाहेर काढलं. १८१८मध्ये तो कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौला गेला आणि जवळपास बारा वर्षं तिथे राहून पुन्हा पैसेवाला झाला. परतल्यावर त्याने जुन्या सावकारांना जेवायला बोलावलं आणि प्रत्येकाच्या ताटाखाली देण्याचा चेक ठेवला, असं सांगतात. खरंखोटं बाजूला ठेवू, पण माणसाला देखाव्याची हौस होती एवढं त्यातून कळतं.

अमेरिकेचा चीनशी थेट व्यापार तेव्हा जुनाच झाला होता. ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज १७८४मध्ये न्यूयॉर्कहून निघालं, तेव्हापासून चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी घरोघरी पोचली होती. चीन मात्र कुणी पाहिलेला नव्हता. कँटनला गेलेल्यांनीही नाही! परदेशी व्यापाऱ्यांना नदीकाठच्या वखारींच्या पट्ट्यातच राहावं लागे. तटबंदीच्या आतल्या शहरात जायला बंदी. मग डनने मंदिरांतल्या, घरांतल्या, दुकानांतल्या एवढ्या वस्तू आणल्या कुठून?

उत्तर अफूत आहे. किंवा तिच्या नसण्यात. चहाच्या बदल्यात द्यायला चांदी पुरेना, म्हणून इंग्रजांनी अफूचा मार्ग धरला. अमेरिकन व्यापारी तुर्कस्तानातून अफू नेत. माळव्याची अफू तर मुंबई बंदरातूनच जाई. मुंबईतल्या कितीतरी जुन्या श्रीमंतीचा उगम त्या पेट्यांत आहे. डनने या धंद्याला हात लावला नाही. कँटनच्या बड्या व्यापाऱ्यांना ते भावलं. त्याच्यासाठी वस्तू मिळवून द्यायला त्यांनीच मदत केली. म्हणजे परदेशी माणसाला जिथे पाऊल टाकता येत नव्हतं, तिथली चीजवस्तू चिनी हातांनी निवडून आणली होती. मला या संग्रहालयाची खरी खासियत यात दिसते.

दालनात खऱ्या माणसाएवढे मातीचे पुतळे होते, चिनी कारागिरांनी खऱ्या माणसांचे चेहरे बघून घडवलेले. उंची वस्त्रांतले मँडरिन अधिकारी होते, तसा फिरता न्हावी आणि जोडे शिवणाराही होता. सगळ्यात मजेदार होतं ते दुकान. गल्ल्यावर हिशेब, समोर गिऱ्हाईक, दारात बांबूचे दोन तुकडे आपटत बसलेला आंधळा भिकारी. तो काहीतरी हातावर पडल्याशिवाय हलायचा नाही. आणि भिंतीवर पाट्या. एकीचा मतलब असा, की गप्पा छाटत फार वेळ बसलात तर धंदा बुडतो. दुसरीचा असा, की आधीच्या गिऱ्हाइकांनी शहाणं केलंय, उधार मिळणार नाही. ‘आज रोख, उद्या उधार’ वाचत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. स्वतःचं दिवाळं काढून बसलेल्या डनला ही पाटी वाचताना काय वाटलं असेल कोण जाणे.

तीन वर्षांत लाखाच्या घरात लोक येऊन गेले. यापूर्वी, १८३४मध्ये, न्यूयॉर्कमध्ये अफाँग मॉय या चिनी तरुणीला खुर्चीत बसवून तिची लहानपणापासून घट्ट बांधून छोटी ठेवलेली पावलं तिकीट लावून दाखवली होती. डनच्या दालनात कामधंदा करणारा समाज दिसत होता. कॅटलॉगमध्येही अफूच्या व्यापाराला नावं ठेवलेली होती. तरी एक खोट होतीच: बाजू मांडायला तिथे जिताजागता चिनी माणूस नव्हता, होते ते पुतळे. १८४५मध्ये बोस्टनला दुसरं चिनी संग्रहालय निघालं, तिथे दोन चिनी माणसं ठेवली होती. पण तीही प्रदर्शनाचाच भाग.

डनने आपला संग्रह लंडनला नेला. हाइड पार्क कॉर्नरला तो जून १८४२मध्ये उघडला, तेव्हा अफूचं युद्ध अजून संपायचं होतं. ते संपवणारा नानकिंगचा तह ऑगस्टमध्ये झाला. चीनवर तोफा डागणाऱ्या राष्ट्राची राजधानी चिनी कंदील बघायला लोटली. डन १८४४मध्ये वारला आणि १८५१मध्ये वस्तूंचा लिलाव झाला.

फिलाडेल्फियात मात्र डनच्या वस्तू गेल्यावरही इमारतीचं नाव ‘चायनीज म्युझियम’च राहिलं. १८४८मध्ये अमेरिकेतल्या तेव्हाच्या व्हिग पक्षाचं अधिवेशन तिथेच भरलं आणि अध्यक्षपदासाठी झॅकरी टेलरचं नाव तिथेच ठरलं. १८५४च्या जुलैमध्ये ती इमारत जळून गेली.